तीसचा काटा, पोर्टची बाजू आणि वाळूजची हवा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. तुम्ही संभाजीनगरजवळच्या वाळूजमधल्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअर आणि खरेदी बघता. मालक कंप्रेसरच्या व्हॉल्व्ह प्लेटा आणि सुटे भाग बनवतात. मुंबईच्या एका शिप चँडलरकडून, म्हणजे बोटींना तांदळापासून बोल्टापर्यंत सगळं पुरवणाऱ्याकडून, पहिल्यांदाच चौकशी आलीय. तिच्यात लिहिलंय: मुख्य इंजिनाचा स्टार्टिंग एअर कंप्रेसर, पोर्ट साइड, दोन स्टेज, ३० बार, ताशी १५० घनमीटर, एचपी व्हॉल्व्हचे दोन सेट, एअर बॉटलचा फ्युजिबल प्लग, बंपिंग क्लिअरन्स कळवावा, माल ‘मास्टर’च्या नावे पाठवावा. तुम्हाला विचारायचंय की ३० बार ही टायपिंगची चूक आहे का, पोर्ट साइड म्हणजे बंदराकडची बाजू का, आणि या शब्दांची मराठी यादी कुठं मिळेल.

यादी मी देत नाही. दिली तर तुम्ही ती भिंतीला चिकटवाल आणि पुढच्या चौकशीत तोच शब्द वेगळ्या अर्थानं येईल. मी नऊ वर्षं बोटीच्या इंजिन रूममध्ये काढली आणि त्यानंतर एकोणीस वर्षं चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा इथं कंप्रेसरच खोलतोय. दोन्हीकडचे लोक बरेचसे तेच शब्द बोलतात, फक्त बोलणारा कुठं उभा आहे त्यावर अर्थ फिरतो. तेवढं धरून बसलात तर तुमची चौकशी आपोआप सुटेल.

३० बार ही चूक नाही. घोळ आपल्या ‘हवे’चा आहे. आपल्याकडे हवा हेच एकक झालंय. पंक्चरवाल्याला आपण म्हणतो, “मागच्याला पस्तीस हवा मार.” पस्तीस काय, ते कुणी विचारत नाही. ते पीएसआय असतं, चौरस इंचावर पस्तीस पौंड. तोच पोरगा कंपनीत लागला की म्हणतो, “लाइनला सात हवा आहे.” इथं सात म्हणजे किलो, चौरस सेंटिमीटरवर सात किलो. बोअरच्या गाडीवरचा माणूस तीनशेचं प्रेशर सांगतो, ते परत पीएसआय. आणि बोटीवर कुणी म्हणालं की बॉटल तीसवर आहे, तर ते बार. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय आणि १.०२ किलो. बार आणि किलो सख्खे भाऊ म्हणा, एकाच्या जागी दुसरा धरला तर वर्कशॉपच्या कामात फार बिघडत नाही. पीएसआय मात्र वेगळ्या गावचा. तुमच्या चौकशीतले ३० बार म्हणजे ४३५ पीएसआय, म्हणजे बोअरच्या गाडीवरच्या तीनशेपेक्षाही दीडपट.

हे मी शहाणपणानं शिकलो नाही. पहिल्याच बोटीवर सेकंड इंजिनिअरनं सांगितलं, बॉटल ड्रेन कर. मी बॉटल शोधत फिरलो. मला वाटलं, वेल्डिंगच्या ऑक्सिजनसारखं नळकांडं असेल. बॉटल निघाली माणूस आत झोपू शकेल एवढी टाकी, एक सोडून दोन. बोटीवर ३० बारच्या रिसीव्हरला सगळे बॉटलच म्हणतात. घरी थोरल्या भावाचं पंक्चरचं दुकान, तिथल्या टाकीखालचा कॉक मी एका झटक्यात फिरवायचो. तसाच हाही फिरवला. पुढच्या क्षणी ताकासारखं पांढरं, तेल आणि पाणी घुसळलेलं काहीतरी जमिनीवरून उसळून छातीपर्यंत आलं, कानात फक्त शिट्टी, आणि पाइप हाताला बर्फासारखा गार. सेकंडनं शिवी दिली नाही. काट्याकडे बोट केलं आणि निघून गेला. काटा अठ्ठावीसवर होता आणि तो मी पंक्चरच्या दुकानातला अठ्ठावीस समजलो होतो.

आता बोटीला एवढा दाब कशाला? ट्रॅक्टरला सेल्फ असतो, बॅटरी मोटर फिरवते, मोटर फ्लायव्हील फिरवते. बोटीचं मुख्य इंजिन काही मजले उंच असतं, त्याला फिरवणारी बॅटरी आणायची कुठून? म्हणून दाबलेली हवा थेट सिलिंडरमध्ये सोडतात, पिस्टन खाली ढकलले जातात, इंजिन फिरू लागलं की डिझेल मारायचं. नियम असा आहे की कंप्रेसर बंद ठेवून, टाक्यांत आहे तेवढ्याच हवेवर, उलटसुलट फिरणारं इंजिन लागोपाठ १२ वेळा चालू करता आलं पाहिजे. एकाच दिशेनं फिरणारं असेल तर ६ वेळा. बारा वेळा हे कशासाठी, ते बंदरात शिरताना कळतं. पुढं, थांब, मागं, थांब, पुन्हा पुढं. बोटीला ब्रेक नसतो. मागं जायचं तर इंजिन थांबवून उलटं चालू करावं लागतं, आणि दर वेळी टाकीतली हवा जाते.

तुमच्या चौकशीतले ताशी १५० घनमीटर कुठून आले तेही यातच आहे. दुसरा नियम सांगतो की रिकाम्या टाक्या एका तासात पूर्ण दाबापर्यंत भरता आल्या पाहिजेत. समजा दोन टाक्या, प्रत्येकी ५ घनमीटरच्या. दोन्ही मिळून १०. त्या ३० बारपर्यंत भरायच्या तर बाहेरची साधी हवा लागेल ३०० घनमीटर. कंप्रेसर किमान दोन ठेवावे लागतात, म्हणून प्रत्येकी १५०. गिऱ्हाइकानं काही न सांगताही त्या बोटीच्या टाक्या केवढ्या असतील याचा अंदाज तुम्हाला आला की नाही? ताशी १५० घनमीटर म्हणजे मिनिटाला ८८ घनफूट, आपल्या बाजारभाषेत ८८ सीएफएम.

दोन स्टेज का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या मालाशी त्याचा संबंध आहे. हवा दाबली की तापते, हे सायकलच्या पंपाच्या बुडाला हात लावलेल्या कुणालाही माहीत आहे. एकाच दणक्यात ३० बारपर्यंत दाबली तर गणितानं तापमान ५०० अंशांच्या पुढं जातं. त्या तापमानाला वंगणाचं तेल पेट घेतं. म्हणून आधी पाच-सहा बारपर्यंत दाबायची, इंटरकूलरमध्ये थंड करायची, मग दुसऱ्या सिलिंडरमध्ये पुन्हा दाबायची. पहिला सिलिंडर एलपी, म्हणजे लो प्रेशरचा, दुसरा एचपी. इथंच तुमचा दुसरा सापळा आहे. वाळूजमध्ये एचपी म्हणजे हॉर्सपॉवर. पाच एचपीची मोटर, दहा एचपीचा कंप्रेसर. चौकशीतला ‘एचपी व्हॉल्व्ह’ म्हणजे हाय प्रेशर बाजूचा व्हॉल्व्ह, मोटर किती ताकदीची याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. एकदा एका दुकानातून मला लेखी उत्तर आलं होतं, “किती एचपीचा व्हॉल्व्ह पाहिजे ते कळवा.” हसू नका, आपल्यातलेच लोक आहेत.

हा एचपी व्हॉल्व्ह सगळ्यात आधी काजळतो. तेलाचा थेंब गरम प्लेटेवर बसतो, जळतो, कोळशासारखा थर धरतो, प्लेट नीट बसत नाही, दाबलेली गरम हवा परत सिलिंडरमध्ये येते, पुन्हा दाबली जाते, आणखी तापते. म्हणून प्लेटेचा सपाटपणा आणि फिनिश यावर ते लोक एवढे अडतात. आपल्या सात किलोच्या कंप्रेसरमध्ये जी प्लेट दोन वर्षं खपून जाते, ती तिथं दोन महिन्यांत परत येईल.

बंपिंग क्लिअरन्स हा शब्द ऐकायला दांडगा आहे, अर्थ साधा. पिस्टन सगळ्यात वर आला की त्याचं डोकं आणि वरचा हेड यांच्यामध्ये उरलेली फट. ही फट मोजायची रीत अशी. व्हॉल्व्ह काढायचा, शिशाची तार गोळी करून किंवा छोटा तुकडा करून पिस्टनच्या डोक्यावर ठेवायची, व्हॉल्व्ह पुन्हा त्याच गॅस्केटसह, त्याच टॉर्कनं आवळायचा. मग फ्लायव्हील हातानं एक पूर्ण फेरा फिरवायचं, घाई न करता. वर येताना शिसं चेपल्याची जडपणाची जाणीव हाताला होते. व्हॉल्व्ह परत काढून चेपलेली तार मायक्रोमीटरनं मोजायची. आली तेवढी फट. कमी असेल तर पिस्टन हेडवर आपटेल, नाव त्यावरूनच पडलंय. जास्त असेल तर त्या फटीत दाबलेली हवा अडकून राहते, पिस्टन खाली जाताना तीच पसरते आणि नवी हवा आत यायला जागा कमी मिळते. कंप्रेसर चालतो, आवाज करतो, वीज खातो, आणि टाकी भरायला वेळ लावतो. तुमच्या मालकांनी प्लेटेची किंवा सीटची जाडी अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं केली तर ही फट बदलते. म्हणून गिऱ्हाईक तुम्हाला आकडा विचारतंय. तुम्ही आकडा देऊ नका; तो त्यांच्या मशीनच्या पुस्तकात असतो. तुम्ही तुमच्या भागाची जाडी शंभरांश मिलिमीटरपर्यंत आणि गॅस्केटची जाडी कळवा. फट त्यांनी तिथं शिसं घालून बघायची.

आता ज्याच्यासाठी मी एवढं लांबलचक लिहायला बसलो, ती गोष्ट. एफएडी, फ्री एअर डिलिव्हरी. बहुतेक विक्रेते याचा अर्थ ‘कंप्रेसरची हवा’ एवढाच सांगतात. खरा अर्थ असा: कंप्रेसरनं बाहेर टाकलेली हवा, जिथून ओढून घेतली तिथल्याच दाबाला आणि तिथल्याच तापमानाला परत आणली, तर ती किती भरेल. ‘तिथल्याच’ या शब्दावर बोट ठेवा. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंच. इथली हवा मुंबईपेक्षा विरळ, आपल्या डोक्यावरचा दाब ०.९४५ बारच्या आसपास. त्यात मे महिन्याची दुपार, ४२ अंश. अशा हवेतला एक घनमीटर आणि बोटीवरचा एक घनमीटर, दोन्हींचा आकार एक, पण आत भरलेली हवा सारखी नाही. साखरेचा आणि लाह्यांचा पायलीभर माप सारखा, वजन सारखं नाही, तसंच.

म्हणून दुसरं एकक काढलं, नॉर्मल घनमीटर: शून्य अंश तापमान, समुद्रसपाटीचा दाब, कोरडी हवा. ते कुठंही मोजा, तेवढंच राहतं. आपल्या मे महिन्यातली १०० घनमीटर एफएडी म्हणजे साधारण ८१ नॉर्मल घनमीटर. चौकशीत नुसतं ‘ताशी १५० घनमीटर’ लिहिलंय. एफएडी की नॉर्मल, हे विचारल्याशिवाय एक आकडाही पाठवू नका. जुळवाजुळव करून दिलेला कंप्रेसर पाचव्या भागानं कमी पडला तर भांडण शब्दावरून होईल आणि खर्च तुमच्या मालकांचा.

याहून मोठी गंमत आपल्याच बाजारात चालते. मशीनवर २० सीएफएम लिहिलेलं असतं, ते बऱ्याचदा पिस्टनचं डिस्प्लेसमेंट असतं. म्हणजे पिस्टन एका मिनिटात जेवढी जागा झाडतो तेवढी. वरची फट, तापलेली हवा, रिंगांमधून होणारी गळती जाऊन प्रत्यक्षात त्यातली दोन तृतीयांश ते पाऊण मिळाली तरी बरं. माझ्या ओळखीच्या एका गाड्या रंगवणाऱ्यानं असा कंप्रेसर घेतला, स्प्रे गन ओढायची तेवढी हवा पुरेना, दर दोन मिनिटांनी टाकी भरायची वाट बघत उभा. विकणाऱ्यानं खोटं काही लिहिलं नव्हतं, फक्त कुठली हवा ते लिहिलं नव्हतं.

हे तुमच्या शेडमध्ये मोजता येतं, त्याला लॅब लागत नाही. माहीत असलेल्या मापाची टाकी घ्या, समजा ५०० लिटर. पूर्ण रिकामी करा, बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करा, कंप्रेसर चालू करून घड्याळ लावा. समजा पाच मिनिटांनी बंद केला. टाकी हाताला गार लागेपर्यंत थांबा, कारण गरम हवेचा काटा खोटा वरचा असतो. गार झाल्यावर काटा ७ बार दाखवतोय. मग ५०० गुणिले ७, भागिले आपल्या इथला दाब ०.९४५. आले सुमारे ३७०० लिटर. पाच मिनिटांत, म्हणजे मिनिटाला ७४०, म्हणजे २६ सीएफएम. भागाकारात ०.९४५ ऐवजी मुंबईचा दाब घातलात तर उत्तर पावणेदोन सीएफएमनं कमी येईल आणि चांगलं मशीन वाईट ठरेल. काट्याचंही तसंच आहे: तो शून्यावर असतो तेव्हा टाकीत बाहेरच्याइतकी हवा असतेच. बाहेरच्यापेक्षा जास्त किती, एवढंच तो सांगतो. आणि ‘बाहेर’ कुठलं, ते तुम्ही लक्षात ठेवायचं.

पोर्टकडे येऊ. पोर्ट साइडचा बंदराशी आता संबंध राहिलेला नाही. बोटीच्या पुढच्या टोकाकडे, नाळेकडे, तोंड करून उभं राहा; डाव्या हाताला येते ती पोर्ट, उजव्या हाताला स्टारबोर्ड. आणि मागं वळलात तरी पोर्ट तिथंच राहते, तुमच्या उजव्या हाताला येऊन. मग ‘डावी बाजू’ असा सोपा मराठी शब्द का नको? कारण इंजिन रूममध्ये चार माणसं चार दिशांना तोंड करून काम करत असतात, एक तर मशीनखाली उताणा पडलेला असतो. ‘डावा व्हॉल्व्ह बंद कर’ म्हटलं की प्रत्येकाचा डावा वेगळा. आपले ट्रकवाले हे फार आधीपासून जाणतात. ते कधी डावा टायर, उजवा टायर म्हणत नाहीत. ‘क्लीनर साइडचा मागचा आतला’ म्हणतात. गाडीच्या पुढं उभे राहा नाहीतर मागं, टायर बदलत नाही. पोर्ट म्हणजे बोटीची क्लीनर साइड, एवढं पक्कं करा.

स्टारबोर्ड हा शब्द सुकाणूवरून आलाय. बुडामागं मधोमध लावलेलं सुकाणू यायच्या आधी युरोपातल्या बोटी मागच्या उजव्या अंगाला लावलेल्या मोठ्या वल्ह्यानं वळवत. ती झाली सुकाणूची बाजू. वल्हं मोडू नये म्हणून धक्क्याला डावी बाजू लावायची, ती पोर्ट. डावीचं जुनं नाव लारबोर्ड होतं. वाऱ्यात ओरडून सांगताना लारबोर्ड आणि स्टारबोर्ड कानाला सारखेच लागत, म्हणून ब्रिटिश आरमारानं १८४४ साली हुकूम काढून लारबोर्ड बंद केलं. वल्ह्यानं वळवायची ती जुनी रीत बघायला आपल्याला समुद्रावर जायला नको. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेणीत तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलंय. मागच्या अंगाला लटकणारी सुकाणूची वल्ही, नाळेवर डोळा, छपराखाली ओळीनं ठेवलेले रांजण. मी पहिल्यांदा शाळेच्या सहलीत बघितलं तेव्हा काही कळलं नव्हतं. बोटीवरून सुटीला आलो तेव्हा मुद्दाम परत गेलो, आणि मार्गदर्शकाचं बोलणं सोडून ती वल्हीच बघत बसलो.

रात्री पोर्टला लाल दिवा, स्टारबोर्डला हिरवा. लाइफबोटींना नंबर देताना विषम स्टारबोर्डला, सम पोर्टला. पण सावध: तुमच्याच चौकशीच्या पुढच्या पानावर ‘इनलेट पोर्ट, पाव इंच’ असेल, तर ते व्हॉल्व्हचं तोंड, जिथं पाइप बसतो ते. ‘डिस्चार्ज पोर्ट’ असेल तर मालही असू शकतो आणि हवाही: कागद जहाजभाड्याचा असला तर माल उतरवायचं बंदर, ड्रॉइंग असलं तर हवा बाहेर जाण्याचं छिद्र. एकाच पानावर हे तिन्ही मी पाहिलेत. ‘हेड’चं तर विचारू नका. आपल्याला हेड म्हणजे सिलिंडर हेड. आरमारातून आलेल्या माणसाला हेड म्हणजे संडास. “हेड चोक झालंय” या निरोपावर आमचा एक फिटर पाना घेऊन गेला होता.

पोर्टसारखीच अडचण फिरण्याच्या दिशेची. घड्याळाच्या दिशेनं फिरतो, असं नुसतं लिहू नका. मोटरच्या बाजूनं बघितलं की दुसऱ्या टोकाकडून, ते लिहा. पंपाचं आणि फॅनचं अर्धं परत येणं मी या एका ओळीमुळं झालेलं बघितलंय.

फ्युजिबल प्लगचा विजेच्या फ्यूजशी संबंध नाही, हे तुम्ही ओळखलं असेलच. टाकीला बसवलेला पितळी बूच, मधल्या भोकात बिस्मथ, कथील आणि शिसं यांचा मिश्रधातू. साधारण १०४ अंशांना तो वितळतो. इंजिन रूमला आग लागली, माणसं बाहेर पडली, टाकी तापायला लागली, तर प्लग वितळून हवा आपोआप बाहेर जाते, टाकी फुटत नाही. दाब जास्त झाला की उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह असताना हा का? रिलीफ व्हॉल्व्ह दाब उतरला की परत बसतो, टाकीत पुष्कळ हवा शिल्लक ठेवतो. आगीत टाकीचा पत्राच मऊ पडतो, तेव्हा पूर्ण रिकामी होणंच बरं. हा प्लग तुम्ही तुमच्याकडं भट्टी लावून ओतू नका. त्याला क्लासचं, म्हणजे जहाजांची तपासणी करणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ते काम करतं. तो आयटम ‘आम्ही पुरवत नाही’ असं सरळ लिहून टाका. व्हॉल्व्ह प्लेटेला काय लागतं तेही त्यांनाच विचारा.

दर्यावरचे बाकीचे शब्द भरभर. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर, ‘ताशी बारा नॉट’ लिहिलं की जाणकार हसतो, ताशी त्यातच आलं. टन फसवा आहे. ग्रॉस टनेज हे वजन नसून बोटीच्या बंदिस्त जागेच्या घनफळावरून काढलेला आकडा आहे. माल, इंधन, पाणी मिळून बोट किती वजन उचलते ते डेडवेट. फॅदम सहा फुटांचा, दोन्ही हात पसरल्यावर होतो तेवढा, आपली जुनी वाव तीच. विहीर आपण परसांत मोजतो, माणसाच्या उंचीवर; कोळी पाणी वावांत मोजतो, हातांवर. नांगराची साखळी शॅकलमध्ये मोजतात, एक शॅकल १५ फॅदम, साडेसत्तावीस मीटर. आणि तुमच्या स्टोअरमधला शॅकल म्हणजे साखळी जोडायचा यू आकाराचा कडा. गिऱ्हाइकानं ‘दोन शॅकल’ मागितले तर कडे पाठवायचे की ५५ मीटर साखळी, ते फोन करून विचारा.

संपीडक, दाबित हवा, हे शब्द आयटीआयच्या पुस्तकात आहेत आणि परीक्षेत लिहायला हरकत नाही. शेडमध्ये ‘संपीडक चालू कर’ म्हटलं तर पोरगं तुमच्याकडं बघत राहील. सुकाणू, शीड, डोलकाठी, नांगर, वल्हं हे आपले, ते सोडू नका. डिझेलबरोबर आलेले शब्द डिझेलबरोबरच राहू द्या.

‘मास्टर’ म्हणजे बोटीचा कप्तान, गावातला मास्तर नव्हे. खोक्यावर त्याचं व्यक्तिगत नाव लागत नाही. बोटीचं नाव, मास्टर, आणि मोठ्या अक्षरात ‘शिप्स स्पेअर्स इन ट्रान्झिट’ असं लिहितात. याचा अर्थ माल देशात विकायला आलेला नाही, बोटीवर चढायला चाललाय. कस्टममध्ये वागणूक त्यावरून ठरते. दर देताना एक्स वर्क्स की एफओबी ते लिहा. एक्स वर्क्स म्हणजे तुमच्या वाळूजच्या गेटवर माल तयार, पुढचं त्यांचं. एफओबी न्हावा शेवा म्हणजे बोटीवर चढेपर्यंतचा खर्च आणि जोखीम तुमची. पहिल्या ऑर्डरला एक्स वर्क्सच बरं. मोठा माल पुढं कधी कंटेनरनं गेलाच तर डेमरेज आणि डिटेन्शन हे दोन शब्द वेगळे ठेवा: कंटेनर बंदरात फुकट दिवसांपेक्षा जास्त पडून राहिला तर डेमरेज, बंदराबाहेर तुमच्या दारात अडकून राहिला तर डिटेन्शन. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं वजन प्रमाणित करून दिल्याशिवाय तो बोटीवर घेत नाहीत. आमच्या ओळखीच्या एकानं खोक्यांचं वजन धरलं आणि लाकडी आधारांचं विसरला. कंटेनर गेटवरच राहिला.

समुद्र नसलेल्या मुलखात हे सगळं कुठून आलं, असं मालक म्हणतील. त्यांना सांगा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात पैठण आणि तेर ही दोन्ही गावं आहेत. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून कापड गाड्यांनी भडोचच्या बंदरात जायचं, पैठण ते भडोच वीस दिवसांचा रस्ता. तेव्हाही बंदरावर कुणीतरी शब्दांवरून भांडलंच असेल.

उत्तर पाठवताना प्रमाणपत्राखेरीज चारच गोष्टी विचारा. १५० घनमीटर एफएडी की नॉर्मल. ३० बार हा नेहमीचा दाब की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो तो. फिरण्याची दिशा कुठल्या टोकाकडून. आणि पोर्ट साइडच्या कंप्रेसरच्या नेमप्लेटचा फोटो, कापडानं पुसून काढलेला, कारण इंजिन रूममधली नेमप्लेट नेहमी रंगाखाली असते आणि तिथला माणूस आठवणीतून आकडा लिहितो. फोटो आला की मला दाखवा. चुकून स्टारबोर्डचा पाठवला असेल तर नंबराच्या मागं पोर्टचा पी लिहिलाय की स्टारबोर्डचा एस, ते बघून सांगतो.